काटा आतच राहिला



गुरुजी चुकत नाहीत, असं तुमच्यातल्या पुष्कळांना वाटतं. तर आज मी तुम्हाला माझ्याच चुकीची गोष्ट सांगणार आहे. घरातल्या मोठ्या माणसांनाही वाचायला द्या बरं का!

गेल्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, मी लाखांदूर तालुक्यात ताईच्या गावी गेलो होतो. आपल्या भंडारा जिल्ह्यात रोवणी म्हणजे केवढी धांदल, हे तुम्हाला मी काय सांगू? पऱ्हे तीन-चार आठवड्यांचे झाले, बांधीत पाणी साचलं, चिखलणी झाली, की मग थांबायचं नाही. त्या दिवशी सगळं जुळून आलं होतं. बाया बांधीत उतरल्या होत्या. पऱ्ह्यांच्या पेंढ्या तेवढ्या पॉवर टिलरच्या ट्रॉलीतून न्यायच्या होत्या. आणि पाहतो तर काय, टिलरचं एक चाक बसलेलं!

पॉवर टिलर तुम्ही पाहिला असेलच. हाताने दांडे धरून चालवायचा दोन चाकांचा छोटा ट्रॅक्टरच तो. चिखलणीच्या वेळी त्याला पिंजऱ्यासारखी लोखंडी चाकं लावतात, कारण चिखलात रबरी चाक घसरतं. रस्त्याने ट्रॉली ओढायची असली, की मात्र रबरी टायर लागतात. परदेशात घराभोवतीचं गवत कापायला छोटे ट्रॅक्टर असतात. त्यांचे टायरही असेच बुटके नि रुंद असतात, आणि तिकडेही पुष्कळ लोक ते घरीच बदलतात.

पंक्चरवाला सहा किलोमीटरवर, आणि तोही आपल्या रोवणीला गेलेला. घरात नवी ट्यूब होती. भाऊजी मला म्हणाले, "काय गुरुजी, पोरांना रोज शिकवता, आज आम्हालेही करून दाखवा!"

मी बाह्या सरसावल्या. माझ्या जुन्या स्कूटरचं चाक मी कितीदा तरी खोललं होतं. भाचा आठवीत, भाची सातवीत. दोघंही मदतीला आली.

प्रथम टिलर सपाट, टणक जागी उभा केला. इंजिन बंद. दुसऱ्या चाकाच्या पुढे-मागे दगड लावले. चाकाचे नट आधी थोडे सैल केले, मग जॅक लावून टिलर उचलला आणि खाली जाड लाकडी ठोकळे सारले. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधी राहू नये. तो ओल्या मातीत कलंडतो. विटाही ठेवू नयेत. त्या अचानक फुटतात.

चाक निघालं. आता नीट ऐका, कारण इथे जिवाशी गाठ आहे.

त्या टिलरच्या चाकाची रिम दोन भागांची होती, दोन ताटल्या पाठीला पाठ लावून बोल्टांनी जोडाव्यात तशी. बजाजच्या जुन्या स्कूटरची रिमही अशीच असायची. चाक टिलरला जोडणारे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग जोडणारे बोल्ट वेगळे. भाच्याने पाना घेतला आणि थेट रिमच्या बोल्टांना लावला. मी त्याचा हात धरला.

"अरे, हवा काढली का?"

"मामाजी, टायर तर बसलेलाच आहे. हवा कुठं हाय आता?"

मुलांनो, बसलेल्या टायरमध्येही हवा उरलेली असते! जरा गणित करू. समजा, आत दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोच जोर उरला आहे, आणि तो रिमच्या भागांना 600 चौरस सेंटिमीटरभर बाहेर रेटतो आहे. 600 गुणिले अर्धा, म्हणजे 300 किलो! पन्नास किलोची सहा पोती झाली की. शेवटचे बोल्ट सुटताच ती ताटली केवढ्या जोराने उडेल? समोर तोंड असलं तर? अशा अपघातांत माणसं जबर जखमी होतात, दगावतातही.

म्हणून आधी व्हॉल्व्हची सुई पूर्ण काढायची. फुसफुस थांबली, तरी भोकात बारीक तार घालून पाहायचं, की चिखलाने ते बुजलेलं तर नाही. पायाने टायर दाबून पाहायचा. हवा उरली नाही अशी खात्री पटली, की मगच बोल्टांना हात लावायचा. आणि मोठं माणूस जवळ असल्याशिवाय हे काम करायचंच नाही. कबूल?

पुढचं काम सोपं. टायरची कड रिमला चिकटून बसते. तिच्या आत पोलादी तार असते, म्हणून ती ताणत नाही. कडेला साबणाचं पाणी लावलं, फळी ठेवून तिच्यावर भाचा उभा राहिला आणि कड सुटली. बोल्ट काढले, रिमचे भाग वेगळे झाले, जुनी ट्यूब बाहेर. नव्या ट्यूबमध्ये गोल होईल एवढीच हवा भरली, तिला पावडर लावली, टायरमध्ये बसवली. व्हॉल्व्ह भोकातून सरळ बाहेर काढला. दोन भागांच्या मध्ये ट्यूब चिमटीत सापडली नाही ना, हे पाहिलं. बोल्ट एकाआड एक, समोरासमोरचे, थोडे थोडे कसले. एकच बाजू आधी कसली, तर रिम वाकडी बसते.

टायरवरच्या जाड नक्षीची दिशाही पाहावी लागते, बरं का. बाजूला बाण असतो. टिलरच्या मागे उभं राहून पाहिलं, की नक्षीची टोकं वर, घराच्या छपरासारखी दिसली पाहिजेत. तसं असलं, की नक्षीचा मधला भाग जमिनीला आधी टेकतो आणि चिखल दोन्ही बाजूंना ढकलला जातो. उलटं लावलं तर चिखल मध्येच दाटतो आणि चाक घसरतं.

पंपाने हवा भरली. थोडी भरायची, थांबायचं, कड सगळीकडे सारखी बसली का पाहायचं, आणि टायरवर लिहिलंय त्याहून जास्त भरायची नाही. चाक चढवलं. भाऊजी खूश, मी तर त्याहून खूश. पेंढ्या भरून टिलर निघाला...

...आणि गावाच्या टोकापर्यंत जातो न जातो, तोच चाक पुन्हा बसलं!

तिकडे बांधीत बाया कमरेवर हात ठेवून वाट पाहत होत्या. आभाळ भरून आलेलं. माझं तोंड पाहण्यासारखं झालं. ट्यूबच खराब निघाली असावी, असं मी म्हणालो. दोष दुसऱ्यावर ढकलायला किती सोपं असतं, नाही?

तेवढ्यात भाची हळूच म्हणाली, "मामाजी, टायरच्या आतून हात फिरवला होता का?"

मी गप्प. नव्हता फिरवला.

पुन्हा सगळं खोललं. या वेळी हाताला जाड फडकं गुंडाळून टायरच्या आतून फिरवलं. (उघडा हात कधी फिरवू नका, तार किंवा काच असली तर कापतो.) एका जागी फडकं अडकलं. धुऱ्यावरच्या कुंपणातला बाभळीचा काटा! बाहेरून मोडलेला, म्हणून दिसेना. आत टोक होतं, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. जुनी ट्यूब त्यानेच फोडली आणि नवीही त्यानेच. मी ट्यूब बदलली, पण ती फुटली का, हे विचारलंच नव्हतं.

पकडीने काटा काढला. ट्यूब घंगाळातल्या पाण्यात बुडवली. बुडबुडे आले तिथे खूण केली, पुसून कोरडी केली, काचकागदाने घासली, सोलूशन लावून जरा वाळू दिलं आणि ठिगळ दाबून बसवलं. हे सगळं भाचीने केलं. सायकलने शाळेत जाते ना, तिला सवय आहे.

दीड तास वाया गेला. पण अंधार पडायच्या आत त्या बांधीची रोवणी झाली.

रात्री जेवताना मी तिला विचारलं, "तुला हे कधी सुचलं?"

ती म्हणाली, "तुमी पयल्यांदा टायर बसवत होते तवाच. पण तुमाले कसं सांगू? तुमी गुरुजी."

मित्रांनो, हे ऐकून मला त्या काट्यापेक्षा जास्त टोचलं. माझ्या वर्गातही अशी किती मुलं असतील, ज्यांना माझी चूक दिसते आणि जी गप्प बसतात? त्या सोमवारी मी वर्गात ही गोष्ट सांगितली. आता फळ्यावर गणित चुकलं, की दोन-तीन हात लगेच वर होतात. कधी कधी त्यांचंच चुकलेलं असतं. पण हात वर होतात, हे महत्त्वाचं.

जाता जाता एक गंमत. हवेचा टायर जगभर पसरला, तो घरच्या घरी केलेल्या अशाच एका खटपटीतून. बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर होते. त्यांच्या मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर फार हादरे खाई. म्हणून त्यांनी तिच्या चाकांना हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या आणि 1888 साली पेटंट घेतलं. पुढे कळलं, की रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने ही कल्पना 1845 सालीच नोंदवली होती! डनलॉप यांचं पेटंट रद्द झालं, पण टायर राहिला. मुलाची तक्रार मनावर घेणारा बाप आपल्याला लक्षात ठेवायला काय हरकत आहे?

करून पाहा : सायकलचं मागचं चाक ओलं करून वर्तमानपत्रावर ठेवा, मित्राला सीटवर बसवा आणि ओला ठसा पेन्सिलने आखा. मग थोडी हवा काढून पुन्हा आखा. दुसरा ठसा मोठा येईल. का येतो, ते आधी स्वतः शोधा. मग गुरुजींना किंवा बाईंना विचारा. आणि त्यांचं उत्तर चुकलं असं वाटलं, तर?

तर गप्प बसू नका!

तुमचे,
गुरुजी