गाडी गरम असतानाच तपासा

सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते. वीस-पंचवीस किलोमीटर विनातक्रार पळते. चहाला थांबून दहा-पंधरा मिनिटांनी चावी फिरवली, की सेल्फ फिरत राहतो आणि इंजिन काही उचलत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने तीच गाडी पुन्हा पहिल्या सेल्फला चालू. जुन्या पेट्रोल गाडीच्या मालकाची ही तक्रार आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेली आहे.

पुढे बहुतेक ठिकाणी काय होते, तेही आपल्याला ठाऊक आहे. गाडी संध्याकाळी गॅरेजला लागते आणि बॉनेट उघडते दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंडगार झाल्यावर. स्पार्क चांगला, पेट्रोल येतेय, काँप्रेशनही ठीक. मग अंदाजाने कॉइल बदलायची, पुढच्या खेपेला कंडेन्सर, त्यानंतर एसी पंप. मालकाचे पैसे जातात, दोष जागेवर राहतो आणि मिस्त्रीची पत जाते. हा दोष इंजिन बंद केल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातच दिसतो. तो तेव्हाच शोधला पाहिजे. थंड इंजिनावर केलेल्या तपासणीतून या तक्रारीचे उत्तर मिळत नाही, हे आपण एकदा ठामपणे मान्य करायला हवे.

उन्हाळा कडक असलेल्या भागातच हे होते, असा एक समज आहे. बंगळुरू हा समज खोडून काढते. तिथली हवा सुखद, पण शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचावर आहे. हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण दहा टक्के कमी, त्यामुळे पाणी तिथे ९७ अंशांच्या आसपास उकळते. पेट्रोलला एक असा उत्कलनबिंदू नाही. त्यातले हलके घटक पस्तीस अंशांच्या आसपासच उडू लागतात, आणि दाब कमी झाला की आणखी लवकर. फ्लोट चेंबर बाहेरच्या हवेला उघडाच असतो. त्यात विरळ हवेमुळे मुंबईत लावलेले जेट बंगळुरूत थोडे रिच पडतात. कुर्ल्याला बनलेली पद्मिनी मुंबईत कुरकुर न करता चालावी आणि बंगळुरूत गेल्यावर गरम असताना अडून बसावी, यात गूढ काही नाही.

वर तिथली वाहतूक. टॉमटॉमच्या २०२२ सालच्या पाहणीत बंगळुरूच्या मध्यभागी दहा किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटे १० सेकंद लागत होते. सिल्क बोर्ड जंक्शनला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीला समोरून वारा मिळत नाही. पट्ट्यावरचा फॅन आयडलिंगला हळू फिरतो. अशी तापलेली गाडी बंद केली, की फॅनही थांबतो आणि पाण्याचे फिरणेही. ब्लॉक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधली उष्णता वर चढत राहते, आणि कार्बोरेटर चालत्या गाडीत तापतो त्याहून जास्त बंद गाडीत तापतो. अँबॅसडरमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत, तेव्हा तिथे काय होत असेल ते सांगायला नको.

इंधनही बदलले आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरूतच वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचे उद्‌घाटन झाले आणि आता ते देशभर आहे. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, पण पेट्रोलमध्ये मिसळल्यावर सत्तर अंशांच्या आत उडून जाणारा भाग वाढतो. शिवाय जुन्या गाड्यांचे पाइप, एसी पंपाचा पडदा, निडलचे रबरी टोक हे इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. पडदा कडक झाला किंवा पाइपला बारीक चीर पडली, तर पंप पेट्रोलबरोबर हवाही ओढतो आणि दोष दुप्पट होतो. जुन्या गाडीत हे रबर बदलणे हा आता देखभालीचाच भाग समजावा.

आता तपासणी. गाडी स्वतः चालवा, नेहमीच्या तापमानाला आणा, बंद करा आणि बॉनेट न उघडता पंधरा मिनिटे थांबा. मालकाला घाई असेल तर त्याला दुसऱ्या दिवशी बोलवा, पण ही पंधरा मिनिटे वाचवू नका. मग सेल्फ मारा आणि आधी फक्त कान द्या.

सेल्फच जड फिरत असेल, तर पेट्रोलकडे वळायचे कारण नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे गरम झालेला स्टार्टर मुळातच अशक्त असतो. त्यात अर्थिंगची पट्टी गंजलेली असली की संपलेच. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर साडेनऊ व्होल्टपेक्षा कमी दिसले, किंवा बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यात अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक मिळाला, तर काम तिथेच आहे.

सेल्फ नीट फिरत असेल, तर स्पार्क बघा, पण कार्बोरेटरपासून दूर आणि टेस्टर लावून. पेट्रोलची वाफ भरलेल्या बॉनेटखाली उघडा स्पार्क काढणे म्हणजे आग ओढवून घेणे. स्पार्क पिवळा, मरतुकडा असेल तर कॉइलचा रोध तेव्हाच मोजा. थंड असताना तीन ओहम दाखवणारी चांगली कॉइल शंभर अंशांना ३.९ च्या आसपास जाते. त्याहून बरीच वर गेली, तर ती आतून तुटत चालली आहे. डेल्कोमधला कंडेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनमधली पिकअप कॉइलही अशाच फक्त उष्णतेत दगा देतात.

स्पार्क चांगला असेल, तर खरा प्रश्न उरतो, आणि आपल्या धंद्यात सर्वात जास्त चूक इथे होते. लाइनमध्ये वाफ धरल्याने पेट्रोल पोचत नाही, आणि फ्लोट चेंबर उकळून पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये ओतले जाते, हे दोन विरुद्ध दोष आहेत. गाडी मात्र दोन्हींत सारखीच वागते. आपण दोघांनाही सरसकट 'एअर लॉक' म्हणतो आणि दोन्हींवर ॲक्सिलरेटर पंप करत बसतो. प्लग काढा. कोरडा असेल आणि एअर क्लीनर काढून ॲक्सिलरेटर दाबल्यावर कार्बोरेटरमध्ये धार येत नसेल, तर पेट्रोल पोचत नाही. एसी पंपावर आणि लाइनवर ओला फडका ठेवा. दोन मिनिटांत गाडी उचलली, तर निदान झाले. फडका एक्झॉस्ट मॅनिफोल्डला लागू देऊ नका, तापलेले बीड तडकते. प्लग ओला आणि वास उग्र असेल, तर ॲक्सिलरेटर तळाला दाबून धरा, पंप न करता सेल्फ मारा. हवा जाऊन सिलिंडर मोकळे होतात आणि गाडी काळा धूर सोडत चालू होते.

पहिल्या दोषाला लाइनचा मार्ग बदलणे, उष्णतारोधक आवरण, टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप हे उपाय. दुसऱ्याला फ्लोटची पातळी, निडल आणि कार्बोरेटरखालची जाड इन्सुलेटर पॅकिंग. इंजेक्शनच्या गाडीचा पंप मात्र कार्बोरेटरच्या गाडीला लावू नका. तीन बारचा दाब निडल उचलून धरतो आणि पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर सांडते.

टॅपेटही विसरू नका. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या मऊ सीटच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू आत बसतो, गॅप संपतो आणि गरम असताना काँप्रेशन निसटते. इंजेक्शनच्या गाड्यांत क्रँक सेन्सर हा पहिला संशयित. टॅकोमीटर असेल तर सेल्फ मारताना काटा हलतो का बघा. त्यानंतर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर आणि बंद केल्यावर इंधनाचा दाब टिकतो का, हे पाहा.

जॉब कार्डावर यासाठी एक रकाना वाढवा: बंद केल्यानंतर किती मिनिटांनी तपासली, सेल्फ मारताना व्होल्ट किती, प्लग ओला की कोरडा, काय बदलले आणि महिनाभराने दोष परत आला का. बंगळुरू असो, पुणे असो की कोल्हापूर, अशा नोंदी आमच्याकडे पाठवा. गाडीचे मॉडेल आणि गावाचे नाव त्यावर लिहायला विसरू नका. वाचकांच्या नोंदी आम्ही पुढच्या अंकांत छापू.