नव्या शाळेचा नकाशा कुणाचा?



आमच्या तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या जुन्या हायस्कूलची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आहे. गावात आनंद आहे, आम्हालाही आहे. नकाशा दाखवायला सभा झाली. कमान, सभागृह, पुतळ्याची जागा, सारं ठळक. मुलींची स्वच्छतागृहं मात्र मैदानाच्या पार टोकाला, मुलांच्या मुतारीपलीकडे. तिथं पाणी कुठून येणार, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. व्यासपीठावर एकही बाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही आठवी ते दहावीच्या मुलींबरोबर बसलो. त्या शाळेत दिवसभर पाणी पीत नाहीत. दाराला कडी नाही म्हणून मैत्रीण बाहेर उभी राहते. पाळी आली की घरीच. ‘अभ्यासात लक्ष नाही’ हा शेरा मात्र त्यांच्याच नावावर.

प्रश्न नुसता नळाचा आणि कडीचा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. त्यानंतर शाळांत कॅमेरे बसवायचे आदेश निघाले. जुलै २०२५ मध्ये शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना कपडे उतरवून तपासलं गेलं. पाळीबद्दलची ही घृणा कुठला कॅमेरा घालवणार? उलट सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींवरच पहारा बसतो आणि मैदान मुलांकडे जातं.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी आणि मैदान बंधनकारक आहे. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका हव्यात आणि शाळेचा विकास आराखडा याच समितीनं करायचा आहे. हा कायदा आठवीपर्यंतचाच, तरी हत्यार आपल्या हातात आहे. पण रजिस्टर घरी पाठवून बायकांच्या सह्या घेतल्या जात असतील, तर ते गंजणारच.

तेव्हा गावात शाळेचं बांधकाम निघालं, की निविदेआधी नकाशा मागा. मुलींना दाखवा. स्वच्छतागृह वर्गांजवळ, आत पाणी, आतून कडी, पॅड टाकायची सोय, अपंग मुलींसाठी उतार, हे सारं अंदाजपत्रकात आहे ना, ते पाहा. बांधकाम होईपर्यंत वर्ग कुठे भरणार, हेही विचारा. शाळा तीन-चार किलोमीटर लांब गेली, की मुलगा सायकलवर जातो आणि मुलीसाठी स्थळं पाहायला सुरुवात होते.

१८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, ती दुसऱ्याच्या वाड्यात. आज जागा सार्वजनिक, पैसा जनतेचा. मग नकाशा मुलींना विचारून का नको?