देवळे वाचली, बाजार बुडाला

इजिप्तच्या दक्षिणेला नासर सरोवर आहे. अस्वानच्या उंच धरणाने नाईलचे पाणी अडले आणि सुमारे 500 किलोमीटर लांबीचा हा जलाशय झाला. त्याचे दक्षिणेकडचे टोक सुदानमध्ये जाते. अस्वान ते अबू सिंबेल अशी तीन-चार रात्रींची बोटीची सफर या पाण्यावर चालते. वाटेत कलाब्शा, वादी अल्-सबू, अमादा येथील प्राचीन देवळे दाखवितात. ही सफर आम्ही केली. "फिरऔनाची देवळे पाहायला कशाला गेलात?" असे काही मित्रांनी विचारले. जमिनीवर फिरून मागच्या कौमांचा अंजाम पाहा, अशी ताकीद कुरआन शरीफमध्येच आहे. आम्ही इबरत घ्यायला गेलो होतो. ती मिळाली; पण फिरऔनाकडून कमी, बाजाराकडून जास्त.

धरणाचे काम 1960 साली सुरू झाले व 1970 साली पुरे झाले. देवळे बुडणार म्हणून युनेस्कोने 1960 सालीच जगाला हाक दिली. अबू सिंबेलचे देऊळ कापून, एकेक दगड उचलून, सुमारे 65 मीटर उंचावर नेले आणि 1968 पर्यंत पुन्हा जोडले. या एका कामाला सुमारे 4 कोटी डॉलर लागले. अमादाचे देऊळ तर रुळांवरून अडीच किलोमीटर सरकविले. कारागिरी अशी की पाहणाऱ्याच्या तोंडून माशाअल्लाह निघावे.

पण त्याच पाण्याखाली नूबी लोकांची गावे गेली. हे आपले मुसलमान बांधव. घरे, खजुराच्या बागा, मशिदी, कबरस्ताने, सारे बुडाले. 1963-64 साली इजिप्तमधील सुमारे 50,000 नूबींना अस्वानच्या उत्तरेला कोम ओम्बोकडे नेऊन वसविले. 2014 च्या राज्यघटनेत दहा वर्षांत त्यांना मूळ भागात परत आणण्याचे वचन दिले गेले. ती मुदत 2024 साली सरली, प्रश्न सुटला नाही.

आम्ही व्यापारी आहोत. आमची नजर गिऱ्हाइकावर जाते. बोटीवर चार रात्री पैसेवाली गिऱ्हाइके बसलेली. पण वाटेत किनारा उजाड. ना गाव, ना गावचा बाजार. जेवण, पाणी, सामान सारे अस्वानहून भरलेले. ज्यांची ही जमीन होती, त्यांच्या पदरात या सफरीतून काय पडते?

अस्वानच्या बाजारात एका दुकानदाराने "खास नूबी हातमागाचा" म्हणून एक रुमाल दाखविला. आम्ही काठ पाहिला, उलटी बाजू पाहिली. माल पॉवरलूमचा होता. बाहेरून येणाऱ्या अशाच स्वस्त मालामुळे स्थानिक कारागीर मरतो. म्हणून इजिप्त सरकारने 2015 साली लोककलेच्या वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली होती.

आम्ही त्या दुकानदाराला काही बोललो नाही. कोणत्या तोंडाने बोलणार? आपल्याकडे पॉवरलूमचा माल हातमागाचा म्हणून खपविणारे थोडे आहेत काय? मालाचा ऐब गिऱ्हाइकाला सांगावा, ही आपल्या दीनची शिकवण. आपण ती जुम्म्याच्या खुतब्यात ऐकतो आणि दुकानाचे शटर उघडताना विसरतो.

आमचे म्हणणे दोन गोष्टींपुरते आहे. सफर चालविणाऱ्यांनी बोटीवर एक कोपरा नूबी बायांनी विणलेल्या टोपल्या-परड्यांसाठी ठेवावा, आणि प्रत्येक वस्तूवर करणारीचे नाव व गाव लिहावे. आपणही तेच करावे. आपला विणकर महिनाभर राबतो, पण कापडावर फक्त व्यापाऱ्याचा शिक्का असतो. तिथे त्याचे नाव, त्याचे गाव यावे. पॉवरलूमच्या मालावर पॉवरलूम असेच लिहावे. त्यात लाज कसली? तीही हलाल रोजीच आहे.

दगड वाचवायला पन्नास देश धावले. कारागिराला वाचवायला निदान त्याच्या व्यापाऱ्याने तरी धावावे.