आधी करंज लावा
बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचं, विदर्भातलं थंड हवेचं गाव. पण घाटाखाली मलकापूर-शेगावला उन्हाळा भाजून काढतो. झटपट सावलीसाठी लोक गुलमोहर लावतात. मादागास्करचं हे झाड भराभर वाढतं खरं, पण ऐन उन्हाच्या तोंडावर पानं गाळतं, आणि त्याच्या ठिसूळ फांद्या वळवाच्या वाऱ्यात मोडतात. मी करंजच सांगेन. चैत्र-वैशाखात तो नव्या पालवीनं भरतो, सावली हवी तेव्हाच देतो. गुरंही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. मे महिन्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा खणून तापू द्या, मुरमाड जमिनीत आणखी मोठा. शेणखत घालून भरा. मृगाच्या पहिल्याच सरीला भुलू नका. ओल खोलवर मुरली की रोप लावा. पहिले दोन उन्हाळे पाणी घालावंच लागेल.