भिंतीवरचा हत्ती

केनियाच्या शासनाने जुलै २०२५ मध्ये मद्य व अमली पदार्थांविषयीचे नवे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, तेव्हा बहुतेक वादंग एकाच कलमाभोवती माजले. मद्यपानाचे किमान वय १८ वरून २१ करावे की नाही, यावरून एवढा गदारोळ झाला की, हे केवळ धोरण आहे, कायदा नव्हे, असा खुलासा संबंधितांना करावा लागला. शाळांजवळ मद्याचे फलक नकोत, नामवंतांनी मद्याची भलामण करू नये, ही त्यातील कलमे मात्र मागे पडली. आमच्या मते खरे मर्म तेथेच आहे. कोवळ्या तरुणाला मद्यालयाच्या दारात अडविता येईल. भिंतीवरचे चित्र कोणाचे वय विचारीत नाही.

राजधानी नैरोबीत थिका रस्त्यालगत रुआराका येथे बिअरचा प्रसिद्ध कारखाना आहे. १९२२ साली निघालेल्या या कंपनीच्या एका संस्थापकाचा पुढच्याच वर्षी शिकारीत हत्तीने बळी घेतला; त्यावरून बिअरला ‘टस्कर’, म्हणजे सुळेवाला हत्ती, हे नाव पडले असे सांगतात. माणूस मारणारा हत्ती पुढे राष्ट्राभिमानाचे चिन्ह होऊन बसला, ही जाहिरातकलेची किमया! शिवाय जाहिरात म्हणजे केवळ उंच फलक नव्हेत. मद्यालयाची अख्खी दर्शनी भिंत कंपनीच्या रंगात रंगवून द्यावयाची, मालकाचा रंगाचा खर्च वाचवावयाचा आणि त्याचे नाव कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहावयाचे, ही रीत पूर्व आफ्रिकेत सर्रास दिसते. अशा भिंतीला फलक म्हणावे की घराचा रंग?

खासदार जॉन मुटुथो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१० च्या कायद्याने शाळेपासून ३०० मीटरच्या आत मद्यालयाला परवाना मिळू नये, असे ठरविले. पण अंतर मोजणारी फीत जमिनीवरून जाते, नजर हवेतून. उंचावरचा फलक ३०० मीटरपलीकडूनही सहज वाचता येतो.

त्याच वर्षीच्या केनियाच्या राज्यघटनेत याविषयी एक बोलकी तरतूद आहे. तिच्या चौथ्या परिशिष्टात काउंटी शासनाची, म्हणजे परगण्याची, कामे दिली असून त्यांत हवेचे प्रदूषण, गोंगाट, इतर सार्वजनिक उपद्रव आणि बाह्य जाहिराती यांचे नियंत्रण एकाच ओळीत घातले आहे. घटनाकारांनी फलकाला धूर आणि कोलाहल यांच्या पंक्तीस बसविले! मद्यविक्रीचे परवाने देण्याचे कामही परगण्याकडेच आहे. म्हणजे नैरोबीच्या काउंटीच्या हाती दोन्ही किल्ल्या आहेत. मात्र त्याच किल्ल्यांनी तिची तिजोरीही उघडते. फलकाचे शुल्क तिला, परवान्याचे शुल्कही तिलाच. ज्याच्या उत्पन्नावर घर चालते, त्याला आवर घालण्याचे काम घरधन्याने करावे, अशी ही अपेक्षा आहे.

फलक उतरविले तर लोक हातभट्टीकडे वळतील, हा मद्यव्यावसायिकांचा ठेवणीतला युक्तिवाद. ‘चांगआ’ ही तेथील हातभट्टी १९८० पासून निषिद्ध होती. २०१० च्या कायद्याने ती अटींसह वैध केली. मध्यंतरी २००० साली नैरोबीच्या गरीब वस्त्यांत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ती दारू कोणत्याही फलकावर झळकली नव्हती. स्वस्त होती म्हणून ती खपली. फलक या गरिबांना हातभट्टीपासून परावृत्त करीत नाही. तो त्यांच्या मुलांना उद्याचे गिऱ्हाईक म्हणून हेरतो.

ब्रिटिश अमदानीत गोमंतकातील कितीतरी कुटुंबे नोकरीधंद्यासाठी नैरोबीस गेली. तेव्हा ते शहर आम्हांस अगदीच परके नाही. सोडा आणि पाण्याच्या आडून मद्याचीच नावे मिरविणारे फलक आपणही मुकाट्याने सोसतो, हेही येथे नमूद केलेले बरे.

नैरोबीच्या काउंटीने रंगविलेली भिंत हाही फलकच, एवढे आपल्या नियमांत लिहावे. शासनानेही शाळेजवळच्या बंदीला कायद्याचे बळ देताना अंतर फितीने नव्हे, नजरेच्या टप्प्याने मोजावे. काउंटीचा हेतू पारखण्यासाठी भाषणे ऐकण्याची गरज नाही. तिच्या पुढच्या अंदाजपत्रकात मद्यपरवाने आणि जाहिरातफलक या दोन रकान्यांतील अपेक्षित आकडे वाढवून धरले आहेत की घटवून, ते पाहावे.