गाडी बघायची ती खालून



झाशीच्या जुन्या तटबंदीला जे दरवाजे आहेत, त्यांतला एक आमचा लक्ष्मी गेट. बाहेर पडलं की लक्ष्मी तलाव आणि नेवाळकरांच्या कुलदेवतेचं, महालक्ष्मीचं देऊळ. आत शिरलं की अरुंद बोळ. समोरून ई-रिक्षा आली तर दोघांपैकी एकाला मागे जावंच लागतं. अशा जागी आमच्या शेजारच्या मुलानं वडिलांची जुनी मारुती 800 'बनवायला' घेतली.

पोरगा बावीस वर्षांचा. नोकरी लागून वर्षही झालेलं नाही. दर महिन्याच्या पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला काढून त्यानं रुंद टायर घातले, गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंग कापल्या, हेडलाइटमध्ये पांढरे एलईडी बल्ब टाकले. सायलेन्सरही बदलला. आम्हाला तो रोज सकाळी ऐकू यायचा, बघावा लागत नव्हता!

एका शनिवारी संध्याकाळी गाडी चहाच्या टपरीसमोर उभी राहिली आणि परीक्षक जमले. तुमच्याही गल्लीत असे परीक्षक असतीलच. एक म्हणाला, "आवाज दमदार आहे." दुसरा म्हणाला, "टायर भारी, पण रिम स्वस्तातली दिसते." तिसऱ्यानं मोबाइलवर दुसऱ्याच कुणाची गाडी दाखवली आणि म्हणाला, "याला म्हणतात काम." पोराचा चेहरा एकदा फुलत होता, एकदा पडत होता.

तेवढ्यात आमच्या गल्लीतले काका आले. रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली नाही. पोराला म्हणाले, "स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरव." मग जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं, आडवे झाले आणि टॉर्च मारून चाकाच्या आत बघितलं. उठून एकच वाक्य बोलले, "बाळा, उद्या कुठे निघालायस?"

"ओरछ्याला. आई आणि ताईला घेऊन. रामराजाच्या दर्शनाला."

"नको जाऊस. इकडे ये, बघ."

रुंद टायर पूर्ण वळला की आतल्या ब्रेकच्या रबरी नळीला घासत होता. नळीचं वरचं रबर खरवडून निघालं होतं. ती फुटली असती तर ब्रेकचं तेल बाहेर आलं असतं आणि पेडल खाली बसलं असतं. आई मागच्या सीटवर असताना.

सगळे गप्प झाले. रिमला नाक मुरडणाराही.

मंडळी, आज हेच बोलायचं आहे. दुसऱ्यानं हौसेनं बनवलेल्या गाडीला आपण मार्क देतो, ते कशाचे देतो? बहुतेक वेळा दिसण्याचे आणि आवाजाचे. पण जी मंडळी हे काम मनापासून करतात, ती आधी वेगळंच बघतात.

इंदूरजवळच्या पिथमपूरला 2007 मध्ये भारतातली पहिली 'बाहा' स्पर्धा झाली. इंजिनिअरिंगची मुलं स्वतः एक छोटी, खडबडीत रस्त्यावर चालणारी गाडी बनवून तिथे घेऊन येतात. महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या टीमही असतात. रंग कितीही झकास असो, आधी तपासणी होते. मग ब्रेकची परीक्षा: गाडी पळवायची, ब्रेक दाबायचा आणि चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत. जी गाडी यात पास होत नाही, तिला शेवटच्या चार तासांच्या शर्यतीत सोडत नाहीत. वर परीक्षक विचारतात, हे असंच का बनवलं? खर्च किती आला? 'छान दिसतं म्हणून' या उत्तराला तिथे फारसे मार्क नाहीत.

अमेरिकेतही हेच झालं. तिथली पोरं जुन्या फोर्ड गाड्या उघडून वेगवान करायची आणि रस्त्यावरच शर्यती लावायची. 1951 मध्ये वॉली पार्क्स या हौशी माणसानं 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' उभी केली. शर्यत रस्त्यावरून मैदानात आणायची आणि सुरक्षेचे नियम घालून द्यायचे, हा त्यामागचा हेतू. नियम हौशी लोकांनीच हौशी लोकांसाठी केले, कारण मित्र गमावण्यापेक्षा मित्राची चूक दाखवणं बरं.

आता आपल्या सांगली जिल्ह्याकडे येऊ. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी घरातल्या मुलाच्या हट्टासाठी भंगारातले भाग जोडून एक छोटी जीप बनवली. खर्च सुमारे 60 हजार रुपये. गंमत म्हणजे ती दुचाकीसारखी किक मारून सुरू व्हायची! डिसेंबर 2021 मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला आणि आनंद महिंद्रा यांच्यापर्यंत पोहोचला.

महिंद्रा काय म्हणाले, ते नीट बघा. गाडी नियमांत बसत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आज ना उद्या ती रस्त्यावर चालवण्यापासून अडवली जाईल, हेही सांगितलं. आणि त्याच दमात कमी साधनांत एवढं करणाऱ्या माणसाचं कौतुक केलं. त्या जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली.

दोष लपवला नाही आणि माणसाला लहानही केलं नाही. याला मी चांगला परीक्षक म्हणते.

नियमांचं म्हणाल तर थोडक्यात सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मग काहीच करता येत नाही का? येतं. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आरसी बुकात नोंद करता येते. परवानगी घेऊन रंग बदलता येतो. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत सोयी करून घेण्याचीही कायद्यात तरतूद आहे.

आणि नियमांमागे कारणं आहेत. टायरची उंची दहा टक्क्यांनी वाढली तर स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 66 नं धावत असते. साध्या बल्बसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी घातला की उजेड नीट एकवटत नाही, समोरच्याच्या डोळ्यात जातो. कापलेली स्प्रिंग मोठ्या खड्ड्यात जागेवरून सरकू शकते. आमच्या बोळात खड्डे किती, ते विचारू नका.

तर पुढच्या वेळी कुणी तुम्हाला हौसेनं गाडी दाखवली, तर एवढं करा. पहिला प्रश्न विचारा, "थांबते कशी?" दुसरा विचारा, "हे तू स्वतः केलंस? कसं केलंस?" पहिल्यानं त्याचा जीव वाचेल, दुसऱ्यानं त्याचा हुरूप. धोका दिसला तर चारचौघांत हसू नका, बाजूला घेऊन दाखवा. आणि स्वतः खाली वाकून बघितलं नसेल, तर मार्क देऊ नका.

आणि तुम्हीच गाडी बनवणारे असाल तर? वाहवा करणाऱ्या दहा जणांपेक्षा खाली आडवा होणारा एक माणूस शोधा.

आमच्या पोराचं काय झालं? तो रविवार गॅरेजमध्ये गेला. जुने टायर परत आले, नव्या स्प्रिंग बसल्या, चारही ब्रेकच्या नळ्या बदलल्या. एलईडी निघाले, सायलेन्सरही मूळचा बसला. त्याबद्दल आख्खी गल्ली काकांची ऋणी आहे. पैसे गेले याचं त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण सीटची कव्हरं त्यानं स्वतः बसून शिवली आहेत. टाके इतके सरळ की काकांनी चष्मा लावून दोनदा बघितले.

पुढच्या रविवारी आई आणि ताई त्याच सीटवर बसून ओरछ्याला गेल्या. निघताना काका गेटपाशी उभे होते. पोरानं काच खाली केली आणि विचारलं, "काका, आता किती मार्क?"

काका म्हणाले, "परत आलास की सांगतो."

संध्याकाळी सगळे सुखरूप परत आले. काकांनी प्रसादाचा पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "पास."