धावणाऱ्या पोरांचा सात-बारा

पूर्वी जत्रा म्हटली की कुस्तीचा फड आणि बैलगाड्यांची शर्यत. आता शिवजयंतीला, गणेशोत्सवात गावोगाव ‘मॅरेथॉन’ भरू लागल्या आहेत. फाट्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत पोरेपोरी पळतात, पहिल्या नंबराला ढाल मिळते, हार पडतो. चांगली गोष्ट आहे. मात्र मंडळी, मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. बाकीच्या साऱ्या रस्त्यावरच्या शर्यती, मग त्यांना नाव काहीही द्या.

कुणी म्हणेल, नावात काय आहे? नावात नसेल, पण मापात आहे. फाटा ते देऊळ हे अंतर कुणी मोजले? घड्याळ कुणी धरले? ‘आमचा पोरगा पळण्यात कुणाला ऐकत नाही,’ हे बोलणे तोंडी वाटणीच्या जमिनीसारखे आहे. जमीन कितीही कसदार असो, सात-बाऱ्यावर नाव लागल्याशिवाय ती आपली म्हणता येत नाही. धावणाऱ्याचेही तसेच असते.

धावणे, उड्या आणि फेकीचे खेळ यांचे हे दप्तर आपल्या देशात भारतीय अॅथलेटिक्स महासंघ सांभाळतो. त्याची स्थापना १९४६ सालची. गावाकडून पाहिले तर आधी जिल्हा संघटना, तिच्यावर महाराष्ट्राची राज्य संघटना, तिच्यावर हा महासंघ आणि सर्वांच्या वर जागतिक संघटना. शाळेच्या स्पर्धा सरकारच्या क्रीडा खात्यामार्फत होतात; ती वाट वेगळी. बरेच पालक इथेच गोंधळतात. शाळेत पदके मिळाली म्हणजे महासंघाकडे नोंद झाली, असे नव्हे.

महासंघाचे पहिले काम म्हणजे माप खरे ठेवणे. धावपट्टीची एक फेरी ४०० मीटरची. रस्त्यावरची शर्यत असेल तर सायकलच्या चाकाला मोजयंत्र लावून अंतर मोजतात. शंभर मीटर धावताना पाठीमागून वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जोरात असेल, तर वेळ कितीही चांगली लागो, विक्रम म्हणून तिची नोंद होत नाही. मापात पाप नको, एवढाच त्याचा अर्थ.

या वहीतली एक ओळ पाहा. ३००० मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची शर्यत; २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाणी ओलांडावे लागते. गोपाळ सैनी यांनी १९८१ साली ८ मिनिटे ३०.८८ सेकंद अशी वेळ दिली. ही ओळ ३७ वर्षे कुणाला खोडता आली नाही. २०१८ साली भुवनेश्वरला ती खोडली अविनाश साबळे याने. हा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा शेतकऱ्याचा मुलगा. घरापासून पाच-सहा किलोमीटरवरच्या शाळेला पायी जाणारा. बारावीनंतर फौजेत गेला आणि तिथे त्याचे पळणे हेरले गेले.

पुढच्याच वर्षी, २०१९ साली, दोहाला जागतिक स्पर्धा होती. प्राथमिक शर्यतीत दुसऱ्या एका धावपटूमुळे अविनाशला दोनदा अडथळा झाला आणि तो अंतिम फेरीबाहेर राहिला. अशा वेळी एकटा खेळाडू काय करणार? महासंघाने रीतसर तक्रार केली. पंचांनी चित्रफीत पाहिली, तक्रार मान्य झाली, आणि अंतिम शर्यतीत त्याला जागा मिळाली. तिथे तो तेरावा आला खरा, पण ८ मिनिटे २१.३७ सेकंद ही वेळ ऑलिंपिकच्या पात्रतेत बसली. त्या कागदाने मांडव्याच्या पोराला टोकियोची वाट उघडून दिली. २०२३ साली त्याने आशियाई खेळांत सुवर्णपदक आणले.

पण याच कागदाने कधी अन्यायही होतो, हेही सांगितले पाहिजे. केरळच्या शेतमजुराची मुलगी पी. यू. चित्रा हिने २०१७ साली भुवनेश्वरला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत १५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. तरीही लंडनच्या जागतिक स्पर्धेसाठी महासंघाने निवडलेल्या संघात तिचे नाव नव्हते. ती केरळच्या उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने तिला घ्या म्हणून सांगितले. तोवर नावे देण्याची मुदत टळली होती. जागतिक संघटनेने नकार दिला. म्हणून निवडीचे नियम आणि मुदती खेळाडूच्या घरच्यांनाही ठाऊक असाव्यात. सारे दुसऱ्यावर सोडून चालत नाही.

आता आपल्या घरातल्या दोन गोष्टी.

पहिली, जन्मतारीख. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट ‘१ जून’ लिहिल्याची उदाहरणे घरोघर सापडतील. ते अडाणीपणाने झाले. पण लहान गटात पोराचा नंबर यावा म्हणून जाणूनबुजून वर्ष-दोन वर्षे चोरणे ही लबाडी आहे. महासंघाच्या स्पर्धांत १४, १६, १८, २० वर्षांखालचे गट असतात, आणि संशय आला तर मनगटाच्या हाडाची क्ष-किरण तपासणी करून वय पाहतात. हाड खोटे बोलत नाही. आणि पकडले गेले नाही, तरी खऱ्या चौदा वर्षांच्या दुसऱ्या कुणाच्या पोरीचे पदक आपण हिसकावतो, हे विसरू नये. घरात मूल जन्मले की २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा आणि तीच तारीख शाळेत द्या.

दुसरी, पुड्या, गोळ्या आणि इंजेक्शने. ‘दमसास वाढतो’ म्हणून कुणी डबा आणून देतो. त्यात काय मिसळले आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. नियम कडक आहे: अंगात सापडलेल्या बंदी असलेल्या औषधाला खेळाडू स्वतः जबाबदार. ‘मला माहीत नव्हते’ म्हणून सुटका होत नाही. चार वर्षांपर्यंत बंदी येते. पोराच्या धावण्याच्या उमेदीतली चार वर्षे गेली, तर मागे उरते काय? भाकरी, डाळ, दूध, शेंगदाणे, अंडी आणि पुरती झोप यांना कुणी बंदी घातलेली नाही. आजारपणात औषध घ्यावे लागलेच, तर मूल स्पर्धेत धावते हे डॉक्टरांना आधी सांगा.

तेव्हा पोरगा किंवा पोरगी खरोखर पळणारी असेल, तर शाळेच्या क्रीडाशिक्षकांना भेटा. जिल्हा संघटनेची निवड चाचणी कधी आहे ते विचारा. नाव नोंदवा, ओळख क्रमांक घ्या, प्रत्येक प्रमाणपत्राची प्रत जपून ठेवा. मुलींच्या बाबतीत तर मुळीच मागे राहू नका. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावली आणि दहावी आली. तीही शेतकऱ्याचीच लेक.

पळणे पोरांचे आहे. कागद सरळ ठेवणे आपले आहे.